९ ऑगस्ट ते १५ ऑगस्ट



आपल्या व्यापारी कुटुंबांना परदेशप्रवास आता नवा राहिलेला नाही. पर्वकाळ परमुलखात आला तर काय करावे, हे आपल्या घरांतून सर्वांना ठाऊक असते. तिथी पाहावी, सूर्यास्ताची वेळ तेथील धरावी, सामानात खाकऱ्याचा डबा असावा आणि सायंकाळी प्रतिक्रमण करावे. धर्माचा सण माणसाबरोबर प्रवास करतो. राष्ट्रीय सणाचे तसे नाही. १५ ऑगस्टला आपण सिंगापूर किंवा दुबई येथे असलो तर तो तेथे कामाचा साधा दिवस असतो. बाजार उघडा असतो, शाळकरी मुलांची प्रभातफेरी निघत नाही, चौकातल्या ध्वनिक्षेपकावर गाणी लागत नाहीत. तो दिवस तेथे कसा पाळावा, हा एक प्रश्न. अनेक घरांत त्याला लागूनच दुसरा प्रश्न उभा असतो. ज्या मुलाकडे आपण गेलो आहोत, त्याचा राष्ट्रीय सण आता कोणता? आज या दोन प्रश्नांविषयी लिहावयाचे आहे.

आमचे चिरंजीव गेली चौदा वर्षे सिंगापुरात आहेत. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून अभियंता होऊन ते नोकरीनिमित्त तेथे गेले आणि स्थिरावले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी, सूनबाईंनी आणि आमच्या नातवाने सिंगापूरचे नागरिकत्व स्वीकारले. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि सिंगापूरही मानत नाही. आपल्या राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदात आणि १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमात हे स्पष्ट आहे. त्यामुळे भारतीय पारपत्र परत करणे ओघानेच आले. ही वार्ता त्यांनी दूरध्वनीवर सांगितली, तेव्हा आमच्या सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. जमा केलेले पारपत्र रद्दबातल करून मालकाला परत देतात, हे कळल्यावर त्यांनी ते मागून घेतले आणि देवघराच्या कपाटात ठेवले.

बँकेतील सेवेच्या काळात अशी कितीतरी कुटुंबे मी जवळून पाहिली. ग्राहक परदेशी स्थायिक झाला की त्याचे येथील साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलावे लागते. पुढे त्याने परकीय नागरिकत्व घेतले तरी खाते बंद होत नाही. त्याचे नाव व नियम बदलतात, व्यवहार चालू राहतो. ओसीआय कार्ड घेतले की भारतात येण्याजाण्यास आजन्म मुभा मिळते. मात्र मताधिकार राहत नाही. शेतजमीन वारसाहक्काने मिळू शकते, विकत घेता येत नाही. हे सारे मी खिडकीच्या आतल्या बाजूने पुष्कळांना समजावून सांगितले होते. स्वतःच्या घरी तेच सांगताना मात्र प्रत्येक वाक्य निराळे वाटले.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही उभयता मुलाकडे गेलो होतो. सिंगापूरचा राष्ट्रीय दिन ९ ऑगस्टला असतो आणि आपला स्वातंत्र्यदिन १५ ऑगस्टला. मध्ये अवघ्या सहा दिवसांचे अंतर. त्या सहा दिवसांत जे पाहिले, त्यावरून माझे काही विचार ठरत गेले.

सिंगापुरात जुलै महिन्यापासूनच सरकारी वसाहतींच्या उंच इमारतींवर लाल-पांढरे ध्वज दिसू लागतात. मजल्यामागून मजले, सज्जामागून सज्जा. त्या राष्ट्राच्या जन्माची कथा आपल्यापेक्षा वेगळी आहे. ९ ऑगस्ट १९६५ रोजी सिंगापूर मलेशियातून वेगळे झाले. हे वेगळे होणे त्या बेटाने हौसेने मागितलेले नव्हते. त्या दिवशी वार्ताहरांशी बोलताना पंतप्रधान ली क्वान यू यांना अश्रू आवरले नाहीत, हे चित्रण आजही तेथे दाखवले जाते. पाणी, अन्न, संरक्षण या सर्वच बाबतींत पुढे काय होणार याची चिंता होती. ज्या दिवशी नेत्याच्या डोळ्यांत पाणी आले, तोच दिवस आज त्यांचा उत्सव आहे.

संचलन आम्ही घरी दूरदर्शनवर पाहिले. राष्ट्रगीत सुरू झाले तेव्हा नातू उठून उभा राहिला. मग प्रतिज्ञा सुरू झाली. उजव्या हाताची मूठ छातीवर डावीकडे ठेवून ती म्हणण्याची तेथे पद्धत आहे. नऊ वर्षांचा, तिसरीतला मुलगा. पण उभे राहण्यात चुळबूळ नव्हती. आम्हीही उभे राहिलो. आपण ज्या घरी पाहुणे आहोत त्या घरची आरती चालू असताना आपण बसून राहत नाही, तसेच हे. त्या रात्री काही गोष्टी वाचून घेतल्या, त्या येथे सांगतो. सिंगापूरचे राष्ट्रगीत मलय भाषेत आहे. चिनी, तमिळ व अन्य मातृभाषा असलेले नागरिकही ते मलयमध्येच गातात. ते रचणारे संगीतकार झुबिर सैद यांचा जन्म सुमात्रा बेटावर झाला होता. १९६६ साली प्रतिज्ञेचा मसुदा लिहिणारे मंत्री एस. राजरत्नम यांचा जन्म श्रीलंकेतील जाफना येथे झाला होता. म्हणजे त्या राष्ट्राचे गीत आणि त्या राष्ट्राची प्रतिज्ञा, दोन्ही बाहेर जन्मलेल्या माणसांनी दिली. माझ्या नातवाचा जन्मही सांगलीचाच आहे. हे वाचल्यावर मला बरे वाटले, एवढे सांगितले पाहिजे.

संचलनातील जवानांची पथके पाहून सौभाग्यवतींच्या मनात निराळीच चिंता उभी राहिली. सिंगापुरात १९६७ पासून राष्ट्रीय सेवा सक्तीची आहे. मुलगा अठरा वर्षांचा झाला की दोन वर्षे पूर्ण वेळ सेवा करतो आणि त्यानंतरही अनेक वर्षे ठरावीक काळाने सरावाला हजर राहतो. कोणाला सैन्यात पाठवतात, कोणाला पोलीस दलात, तर कोणाला आग विझवणाऱ्या व रुग्णवाहिका चालवणाऱ्या नागरी संरक्षण दलात. निवड मुलाच्या हाती नसते. “अहो, आपल्या घरात मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली पाहून चालायला शिकवतात. हा पोर बंदूक धरणार का?” त्यांनी विचारले. प्रश्न रात्री दहा वाजता विचारला गेला होता आणि चिरंजीव व सूनबाई दोघेही ऐकत होते.

मी त्यांना आपल्या ग्रंथांतील श्रावकाचा विचार आठवून दिला. हिंसेचे चार प्रकार आपण लहानपणी पाठशाळेत शिकलो आहोत : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग करावयाचा असतो. आपल्यावर, आश्रितांवर, राज्यावर आक्रमण झाले असता करावा लागणारा प्रतिकार विरोधी हिंसेत येतो आणि गृहस्थाला तो सर्वस्वी वर्ज्य सांगितलेला नाही. श्रवणबेळगोळ येथे इसवी सन ९८१ च्या सुमारास भगवान बाहुबलींची मूर्ती घडवून घेणारा चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता. युद्धभूमीवर उभ्या राहिलेल्या त्या श्रावकानेच राज्य त्यागणाऱ्या बाहुबलींची मूर्ती उभारली. त्या मूर्तीच्या पायाशी, कानडी मुलखात, मराठीतील अत्यंत जुन्या शिलालेखांपैकी एक कोरलेला आहे, हेही आपण सर्व जाणतो.

सौभाग्यवतींचे पूर्ण समाधान झाले असे मी म्हणणार नाही. चिरंजीव एवढेच म्हणाले, “अण्णा, त्याला जे घर, जी शाळा, जी सुरक्षितता इथे मिळते, तिची किंमत कोणाच्या तरी मुलाने दोन वर्षं उभं राहून दिलेली आहे. आपल्या मुलाने ती चुकवावी असं मला वाटत नाही.” व्यापारी घराण्यात उधारी बुडवणे हे सर्वांत मोठे लांच्छन मानतात. त्यामुळे या उत्तराला माझ्यापाशी प्रत्युत्तर नव्हते.

१२ ऑगस्टला दुपारी नातवाला घेऊन मी पाडांग येथे गेलो. पाडांग म्हणजे शहराच्या मध्यभागी, जुन्या सिटी हॉलसमोरचे विस्तीर्ण मैदान. सिंगापूरचे पहिले राष्ट्रीय दिन संचलन १९६६ साली याच मैदानावर झाले. आणि त्याच मैदानावर ५ जुलै १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद फौजेची पाहणी करून ‘चलो दिल्ली’ची हाक दिली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला जवळच्या कॅथे इमारतीत आझाद हिंद सरकारची घोषणा झाली. सिंगापुरात वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन यांनी राणी झाशी पलटणीचे नेतृत्व केले. त्या पलटणीतील बऱ्याच मुली मलायातील रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ मजुरांच्या होत्या. त्यांपैकी कित्येकींनी भारत डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. न पाहिलेल्या देशासाठी त्यांनी गणवेश चढवला.

मैदानालगतच्या एस्प्लनेड उद्यानात आझाद हिंद फौजेच्या स्मारकाची खूण आहे. मूळ स्मारकाची पायाभरणी नेताजींनी ८ जुलै १९४५ रोजी केली होती. युद्ध संपून ब्रिटिश परतले आणि त्यांनी ते पाडून टाकले. १९९५ साली सिंगापूरच्या शासनाने त्या जागी स्मृतिफलक उभारला. फलकासमोर मी हात जोडले. नातवानेही जोडले.

तेथून थोडेच चालल्यावर दुसरे एक स्मारक लागते. तळाशी एकत्र जोडलेले चार पांढरे स्तंभ, ६० मीटरहून अधिक उंच. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले, त्यानंतरच्या काळात बळी पडलेल्या नागरिकांचे ते स्मारक आहे. पहिल्याच काही आठवड्यांत हजारो चिनी पुरुषांना वेचून काढून ठार करण्यात आले होते. स्मारकाच्या खाली अस्थिकलश ठेवलेले आहेत. चार स्तंभ चार समाजांचे आहेत : चिनी, मलय, भारतीय आणि युरेशियन. नेताजींच्या फौजेला ज्या जपानचे साहाय्य होते, त्याच जपानने येथील शेजाऱ्यांच्या घरांतून माणसे नेली. आपला अभिमान आणि त्यांचे दुःख एकाच मैदानाच्या दोन अंगांना उभे आहे. नेताजींविषयीचा माझा आदर यामुळे उणा झाला नाही. परंतु परदेशात आपल्या राष्ट्राचा गौरव गाताना ऐकणाऱ्याच्या घरात त्या वर्षी काय घडले होते, हे आधी जाणून घ्यावे, हा धडा मला तेथे मिळाला. आवाज किती ठेवावा, हे मग आपोआप कळते.

१५ ऑगस्टची सकाळ आली. घरून तिरंगा नेला होता. तो सज्जावर लावावा, अशी माझी इच्छा होती. चिरंजीवांनी नम्रपणे अडवले. परदेशाचा राष्ट्रध्वज सार्वजनिक ठिकाणी परवानगीवाचून लावण्यास सिंगापुरात १९४९ च्या कायद्याने मनाई आहे. अनेक वंशांचे लोक एकत्र नांदणाऱ्या त्या बेटाने हा नियम सर्वांनाच सारखा लावला आहे. म्हणून ध्वज दिवाणखान्यात, आतल्या भिंतीवर लावला आणि आम्ही भारतीय उच्चायुक्तालयात गेलो.

आपल्या बहुतेक राजदूतावासांत व उच्चायुक्तालयांत या दिवशी ध्वजारोहण होते. दूतावासाचे प्रमुख ध्वज फडकवतात, राष्ट्रगीत होते आणि राष्ट्रपतींनी आदल्या सायंकाळी राष्ट्राला उद्देशून केलेले भाषण वाचून दाखवले जाते. भारतीय नागरिकांबरोबर भारतीय वंशाच्या मंडळींनाही निमंत्रण असते. जमलेल्यांत नुकतेच शिक्षणासाठी आलेले तरुण होते, बांधकामावर काम करणारे मजूर होते, सराफी पेढीचे मालक होते. चिरंजीवांनी दोन तासांची रजा घेतली होती. नातवाची शाळा होती. तेथील शाळांत रोज सकाळी ध्वज चढवून राष्ट्रगीत व प्रतिज्ञा होते. म्हणजे त्या सकाळी नातू एका ध्वजासमोर उभा होता आणि आजोबा दुसऱ्या.

ध्वज वर जाण्यापूर्वी चिरंजीव माझ्या कानाशी हळूच म्हणाले, “अण्णा, मी गाऊ की नुसता उभा राहू? आता मी इथला नागरिक आहे.” चौदा वर्षे मोठमोठ्या प्रकल्पांचे निर्णय घेणारा माणूस, पण तो प्रश्न विचारताना त्याचा चेहरा शाळेतल्या मुलासारखा झाला होता. मी उत्तर शोधत होतो, तोवर त्याच्या आई म्हणाल्या, “मी लग्नानंतर आडनाव बदललं, घर बदललं. म्हणून माहेरच्या पूजेला गेले तर आरतीच्या वेळी गप्प उभी राहते का रे?”

चिरंजीव गायले. राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिले नाही, आणि मीही त्यांच्याकडे पाहिले नाही.

माझ्या मते दोन्ही प्रश्नांची उत्तरे यातच आहेत. कर्तव्य तेथे, जेथे आपण राहतो, कर भरतो, मुले शाळेत घालतो. त्या भूमीचा राष्ट्रीय दिन आपल्या मुलांनी मनापासून पाळावा आणि त्याबद्दल आपण घरी बसून रुसू नये. कृतज्ञता मात्र जन्मभूमीची. ती व्यक्त करण्यास पारपत्राची अट नाही. नातवाने कोणता ध्वज आपला मानावा, हे सांगण्याचा अधिकार आजोबांना नाही. आजोबांनी त्याला भाषा द्यावी. सिंगापूरच्या शाळांत भारतीय भाषांपैकी तमिळबरोबर हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी व उर्दू शिकण्याची सोय आहे, मराठीची नाही. मराठी त्याला घरातूनच मिळेल किंवा मिळणारच नाही. म्हणून आता दर रविवारी मी त्याला संगणकाच्या पडद्यावरून अर्धा तास मराठी वाचन शिकवतो. तो कंटाळतो, तरी येतो.

कृतज्ञतेचा दुसरा मार्ग दानाचा. येथे एक व्यवहारी सूचना करणे माझे कर्तव्य आहे. परदेशी राहणारा पण भारतीय नागरिक असलेला मुलगा आपल्या गावच्या पाठशाळेला किंवा न्यासाला देणगी देतो, तेव्हा ती परकीय देणगी ठरत नाही. त्याने परकीय नागरिकत्व घेतले की, ओसीआय कार्ड असले तरी, तीच देणगी परकीय ठरते. मग संस्थेपाशी २०१० च्या परकीय देणगी अधिनियमाखालील नोंदणी अथवा पूर्वपरवानगी लागते आणि ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच स्वीकारावी लागते. आपल्या समाजातील लहान न्यासांच्या विश्वस्तांना याची कल्पना नसते आणि सद्भावनेने स्वीकारलेली रक्कम पुढे अडचणीची ठरते. आमच्या गावच्या पाठशाळेपाशी अशी नोंदणी नाही. म्हणून तेथील दोन विद्यार्थ्यांचा खर्च आता मी माझ्या निवृत्तिवेतनातून करतो, आणि चिरंजीव आपला वाटा नोंदणी असलेल्या एका शिक्षणसंस्थेला १५ ऑगस्टला पाठवतात.

ज्यांचा येत्या १५ ऑगस्टला किंवा २६ जानेवारीला परदेशी मुक्काम असेल, त्यांनी दोन आठवडे आधी तेथील भारतीय दूतावासाची सूचना पाहावी, नावनोंदणी सांगितली असेल तर करावी आणि ओळखपत्र बरोबर ठेवावे. ध्वज बाहेर लावण्यापूर्वी तेथील कायदा विचारावा. मुलांच्या हातातील कागदी ध्वज वाटेत टाकू नयेत. आपल्या ध्वजसंहितेप्रमाणे त्यांची विल्हेवाट खाजगीत, सन्मानाने लावावी. दूतावास दूर असेल तर घरीच सर्वांनी एकत्र उभे राहावे. त्या देशाची निंदा करून आपल्या देशाची स्तुती करू नये. ज्या ताटात मुलगा जेवतो त्याला नावे ठेवल्यासारखे ते होते. आणि त्या देशाचा राष्ट्रीय दिन कोणता, एवढे तरी निघण्यापूर्वी पाहून ठेवावे. योगायोगाने आपण त्या दिवशी तेथे असलो, तर शेजाऱ्याला शुभेच्छा देण्यास आपणच प्रथम जावे.

या बाबतीत आपल्या कुटुंबाचा अनुभव काय, हे अवश्य कळवावे. जय जिनेंद्र.